रॉकेटच्या घन इंधनातले घटक तापवल्यावर थेट पेटतात की आधी वितळतात?

हा प्रश्न मुख्यतः अमोनियम परक्लोरेटपुरता घेतो, कारण पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यासारख्या घन इंधनाच्या रॉकेट मोटारीत वजनाने सर्वाधिक वाटा याच मिठासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या क्षाराचा असतो. ज्वलनासाठी ऑक्सिजन तो पुरवतो आणि एचटीपीबी नावाचे रबर त्याचे कण बांधून ठेवते.

सावकाश तापवल्यास हा क्षार थेट पेटतही नाही आणि वितळतही नाही. मी काही वर्षे औष्णिक विश्लेषणाचे काम केले आहे. काही मिलिग्रॅम नमुना इवल्याशा वाटीत ठेवून मिनिटाला 10 अंशांनी तापवत नेला, की 240 अंश सेल्सिअसच्या आसपास डीएससीच्या (नमुना किती उष्णता शोषतो वा सोडतो हे मोजणाऱ्या उपकरणाच्या) आलेखात उष्णता शोषल्याचा टोकदार खळगा उमटतो. नवशिके त्याला हटकून वितळबिंदू म्हणतात (मीही म्हटले होते). परंतु तोवर वजन जवळजवळ घटलेले नसते आणि क्षार घनरूपच असतो. बदलते ती फक्त स्फटिकाची ठेवण, जी या तापमानाला घनाकृती (क्यूबिक) होते.

खरे विघटन 300 अंशांच्या आसपास दिसू लागते. अमोनियम आयनातला प्रोटॉन परक्लोरेटकडे जातो, त्यातून अमोनिया आणि परक्लोरिक आम्ल तयार होते आणि स्फटिकातल्या सदोष जागांपासून वायू सुटू लागतो. गंमत पुढे आहे: साधारण 30 टक्के वजन गेले की ही क्रिया चक्क थांबते. उरलेला पदार्थ रासायनिकदृष्ट्या अमोनियम परक्लोरेटच असतो, मात्र आतून जाळीदार झालेला. छिद्रांच्या पृष्ठभागावर अमोनिया चिकटून बसतो आणि पुढची वाट अडवतो, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण आहे. या अवशेषाला पाण्याची वाफ दिली, तर पुन्हा स्फटिकीकरण होऊन तो नव्याने विघटित होऊ शकतो, हे मला आजही नवलाचे वाटते. तसे न करता तापवत राहिल्यास साधारण 350 अंशांपुढे क्रिया पुन्हा जोर धरते आणि उरलेले सारे वायुरूप होते.

रबराच्या साखळ्या मुख्यतः 400 अंशांच्या वर तुटतात आणि ब्युटाडाईनसारखे ज्वलनशील वायू देतात. इंधनात मिसळलेली ॲल्युमिनियमची भुकटी 660 अंशांना वितळते, पण कणावरचे ऑक्साइडचे कवच 2,000 अंशांपलीकडेही टिकत असल्याने ती सर्वांत उशिरा पेटते.

प्रत्यक्ष मोटारीत मात्र पृष्ठभाग क्षणार्धात तापतो, त्यामुळे वरचे टप्पे सुटे दिसत नाहीत. तिथे जळत्या परक्लोरेटवर द्रवाचा अतिशय पातळ, फेसाळ थर आढळतो, म्हणजे तुमच्या प्रश्नातले वितळणे घडते, पण ते तिथे.