कॅनडातल्या एडमंटनला लेकराला घेऊन जाताय, तर

सूनबाईंचं एमएस जानेवारीत सुरू होतंय, म्हणजे उतराल ते ऐन थंडीत. पारा उणे वीसच्या खालीही जातो. त्यामुळे साताऱ्यातून बॅगा भरभरून स्वेटर नेऊ नकोस. विमानात पुरतील एवढेच घे. खरे कपडे तिथेच घ्यायचे, आणि लहानग्यासाठी तर जुनेच. मुलं वाढतात, स्नोसूट (बर्फात घालायचा अंगभर जाड सूट) तसाच राहतो; सेकंडहँड दुकानांत चांगला मिळतो.

कपडे थरांनी घालायचे. अंगालगत थर्मल, सुती नको, कारण घामाने ओलं झालेलं सुती कापड अंग गार पाडतं. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं उबदार कापड, मग स्नोसूट. हातमोजे चार बोटं एकत्र राहणारे घे, बोटं एकमेकांना ऊब देतात. गाल किंवा बोट पांढरं पडून बधिर झालं तर लगेच आत आण, चोळू मात्र नकोस. आणि पोराच्या कार सीटचा पट्टा फुगीर जाकिटावरून कधीच लावायचा नाही. आधी जाकीट काढ, पट्टा घट्ट बसव, मग वरून पांघर.

हीटरने हवा कोरडी होते, पोरांचे ओठ फुटतात. व्हॅसलीन जवळ ठेव. व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचार.

कांदा-लसूण मसाला ने, फक्त विमानतळावर जाहीर कर.

बायको दिवसभर विद्यापीठात, तू आणि पोर घरात, संध्याकाळी लवकर अंधार. हेच सगळ्यात जड जाईल रे. पहिल्याच आठवड्यात एडमंटन पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढ, रहिवाशांना मोफत आहे. मुलांचे गोष्टींचे कार्यक्रम असतात, तिथे दुसरे आईबापही भेटतील.