तीन गिटारी आणि आपला वाटा

प्रश्न: 'स्वीट होम अलाबामा'च्या डी, सी, जी या तीन कॉर्ड मला डोळे मिटून धरता येतात. तरी मी वाजवायला लागलो की ते गाणं वाटतच नाही. कुठे चुकतंय?

कॉर्ड बरोबर आहेत, पण तुम्ही बहुधा सगळ्या तारा एकदम झोडताय. या रिफमध्ये, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारीच्या तुकड्यात, सहाही तारा एकत्र वाजतच नाहीत. डी कॉर्ड धरा आणि चौथी तार मोकळी दोनदा वाजवा, मग वरच्या बारीक तारा एकेक करून छेडा. सीला हाच क्रम पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून आणि जीला सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून सुरू होतो. मात्रांची वाटणीही सारखी नाही. डीला दोन, सीला दोन आणि जीला पूर्ण चार. जीच्या त्या मोकळ्या जागेतच लहान लहान हरकती येतात, त्यामुळे तिथे पोहोचायची घाई करू नका.

आता डावा हात बघा. अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि तिन्ही कॉर्ड होईपर्यंत उचलू नका. साधा सी न धरता सी ॲड नाइन, म्हणजे डी सूर मिसळलेला सी, धरायचा आणि जीसुद्धा हे बोट जागेवर ठेवूनच धरायचा. तो एक सूर तिन्ही कॉर्डमधून सलग वाजत राहतो, आणि या रिफची सगळी झळाळी त्यातच आहे. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून सुरुवात करा. मूळ गाणं शंभरच्या जरा खाली आहे, तिथे सावकाश पोहोचलात तरी चालेल.

हा रिफ जन्मला कसा, हेही माहीत असू द्या. हे गाणं लिनर्ड स्किनर्डचं. हा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा बँड, आणि त्यात एड किंग, गॅरी रॉसिंग्टन आणि ॲलन कॉलिन्स असे तीन गिटारवादक होते. तालमीत रॉसिंग्टन काहीतरी वाजवत होता, ते ऐकता ऐकता किंगला त्याच्या जोडीला हा रिफ सुचला. म्हणजे 1974 पासून जगभर शिकला जाणारा हा तुकडा दुसऱ्याचं वाजवणं ऐकताना सापडलेला आहे. सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला हा रॉक, शिकताना मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. तुमच्या गिटारीला रेकॉर्डिंगच्या सोबत वाजू द्या. आवाज त्यांचा मोठा, तुमचा लहान.

याच गाण्याबद्दल दुसऱ्या एका वाचकाने विचारलं आहे की पट्टी डी धरायची की जी. हा वाद गिटारवाल्यांमध्ये जुना आहे. डीला षड्ज मानलात तर सी हा कोमल निषाद होतो आणि गाणं खमाज थाटात बसतं. जीला षड्ज मानलात तर सगळे सूर शुद्ध. सूर तेच, फक्त घर कोणतं मानायचं एवढाच प्रश्न. किंगचा सोलो जीच्या अंगाने जातो, तेव्हा सोलो बसवताना जी मेजर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांचा समूह, धरा. साथ करताना मला मात्र डीच घर वाटतं.

प्रश्न: वय पन्नाशीच्या पुढे आहे. 'फ्री बर्ड'चा सोलो या जन्मी जमेल का?

जमेल, पण शेवटून सुरुवात करू नका. लिनर्ड स्किनर्डच्याच 1973 च्या पहिल्या अल्बमवर हे गाणं नऊ मिनिटांहून जास्त चालतं, आणि त्याचा पहिला अर्धा भाग संथ आहे. आधी ती संथ साथ स्वच्छ वाजवा. मग वेगाच्या भागातली जी, बी फ्लॅट, सी ही तीन कॉर्डची फेरी थकवा न येता पाच मिनिटं वाजवून बघा. कॉलिन्सचा सोलो उभा आहे तो या फेरीवर, आणि बँडमध्ये ती धरून ठेवणारा माणूस सोलोवाल्याइतकाच लागतो.

सोलोत लांबलचक ताना कमी आणि छोटे तुकडे जास्त आहेत. एकेक तुकडा पुन्हा पुन्हा घोळवला जातो, म्हणून तो चढत जातो. बहुतेक सूर जी मायनर पेंटाटॉनिकचे आहेत. एक तुकडा घ्या, निम्म्या वेगात तो न अडखळता आला की मगच पुढचा. मनगट किंवा बोटाचा सांधा दुखला तर त्या दिवशी थांबा. दुखणं अंगावर काढून वेग येत नाही.

प्रश्न: 'सिंपल मॅन' रेकॉर्डिंगबरोबर जुळत नाही. गिटार तर ट्यून केलेली आहे.

सहाही तारा अर्धा सूर उतरवा. सी, जी, ए मायनर तसेच धरा, जुळेल.

प्रश्न: स्लाइड कोणत्या बोटात घालावी? माझी नुसती खरखरते.

स्लाइड म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी. ऑलमन ब्रदर्स या बँडचा डुएन ऑलमन त्यासाठी औषधाची काचेची छोटी बाटली अनामिकेत घालायचा. मीही अनामिकाच सुचवेन, कारण मग तर्जनी आणि मधलं बोट स्लाइडच्या मागे तारांवर हलकेच टेकवता येतात. तुमची खरखर तिथेच थांबेल. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी, मागे राहिली की सूर उतरतो. आणि दाबू नका, तार फ्रेटला लागता कामा नये.

डुएन बहुतेक वेळा ओपन ई ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारांवरच ई कॉर्ड वाजेल अशी जुळणी, वापरायचा: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. ॲकूस्टिक गिटारीवर त्याने ताण वाढतो, म्हणून एक सूर खाली ओपन डी लावा. बोटांचे आकार तेच राहतात. मग ऑलमन ब्रदर्सचा 1971 चा अल्बम 'ॲट फिलमोर ईस्ट' लावा आणि पहिलंच गाणं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, चोवीस वर्षांचा असताना, डुएन मोटरसायकलच्या अपघातात गेला. इतक्या लहान वयात स्लाइडमधून माणसाच्या गळ्यासारखा आवाज काढणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, दोघींकडे ॲकूस्टिक. एकत्र काय वाजवावं?

मार्शल टकर बँडचं 'कॅन्ट यू सी' घ्या. डी, सी, जी आणि परत डी, एवढ्यावर सगळं गाणं चालतं. त्या बँडचा गिटारवादक टॉय कॉल्डवेल पिकऐवजी अंगठ्याने वाजवायचा, तेव्हा एकीने तसं करून बघा. आवाज लगेच गोल होतो.

ते अंगवळणी पडलं की जोडसुरांकडे वळा. डुएन आणि ऑलमन ब्रदर्समधला दुसरा गिटारवादक डिकी बेट्स यांनी दोन गिटारींवर एकच धून दोन उंचींवर वाजवायची जी पद्धत रुजवली, तिची साधी सुरुवात अशी. एकीने जी, ए, बी, डी वाजवायचं, दुसरीने त्याच वेळी बी, सी, डी, एफ शार्प. सगळे सूर जी मेजरमधलेच. मधलं अंतर कधी चार फ्रेटचं पडेल, कधी तीनचं. म्हणून एकाच मापाने हात सरकवू नका, दुसरीने आपली ओळ वेगळी पाठ करावी. तार ओढायची जागा आली की दोघींनी एकाच वेगाने ओढायची, नाहीतर बेसूर लगेच कानाला टोचतं. आणि दर आठवड्याला ओळी बदला, वरची खाली आणि खालची वर. दोन्ही ओळी हातात बसल्या की बेट्सचं 'रॅम्बलिन मॅन' ऐका, शेवटच्या भागातल्या गिटारी तुम्हाला सुट्या सुट्या ऐकू येतील.