तुमच्या घरातल्या मराठीत ‘कशावरून’ आहे का?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी सहा वर्षांची. पुण्याहून आजोबा सहा महिन्यांसाठी आलेत. एका रात्री नात नेलकटर घेऊन बसली, तर आजोबा म्हणाले, “रात्री नखं कापू नयेत.” नात म्हणाली, “व्हाय?” आजोबा म्हणाले, “उलट बोलायचं नाही.” मग ही रडली आणि ते दोन दिवस गप्प. आई विचारते, ‘शाळेत बाई सांगतात प्रश्न विचारा, घरात आजोबा सांगतात विचारू नका. मी कुणाची बाजू घेऊ? आणि क्रिटिकल थिंकिंगचा ऑनलाइन क्लास असतो, तो लावू का?’

क्लास नको. सहा वर्षांच्या मुलीला स्क्रीनसमोर बसवून विचार करायला शिकवणं म्हणजे गादीवर पोहायला शिकवणं. शिवाय तुमच्या पत्रात मला वेगळीच अडचण दिसली. तिने ‘व्हाय’ विचारलं, कारण त्या जागी तिच्याकडे मराठी शब्दच नव्हता.

दोन दिवस एक करून बघा. तुम्ही तिच्याशी मराठीत काय काय बोलता ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा. आवर. चल. दूध संपव. हात धुतलेस का? बूट कुठेत? आमच्याकडेही अशीच यादी निघाली होती. परदेशातल्या घरात मराठी हळूहळू हुकमांची भाषा होते आणि विचार करणं, शंका काढणं, वाद घालणं इंग्रजीकडे जातं. मग आजोबांच्या कानावर नुसता ‘व्हाय’ आदळतो. तोच प्रश्न ‘असं का हो आजोबा?’ असा आला असता तर ते नेलकटर बाजूला ठेवून गोष्ट सांगत बसले असते. त्या ‘हो’मध्ये मान आहे आणि प्रश्नही शाबूत आहे.

तेव्हा कुणाची बाजू घ्यायचीच नाही. आजोबांना साक्षीदार करा. तिला विचारायला शिकवा, “आजोबा, तुमच्या लहानपणी घरात लाइट होते का?” कंदिलाच्या उजेडात नखं कापायची, तर बोट कापलं जायचं, तुकडे कुठे उडाले ते दिसायचं नाही. या नियमामागे हेच कारण असावं असं बरेच जण सांगतात. मग पुढचा प्रश्न तिलाच करा, “आता आपल्याकडे लाइट आहेत, तर हा नियम हवा का?” ती काय म्हणेल ते म्हणू दे. आजोबांचं मत वेगळं निघालं तरी चालेल. दोन माणसांचं पटलं नाही तरी ती एकत्र जेवतात, हेही तिला कळायला हवंच.

आता मराठीकडे असलेल्या एका सोयीबद्दल. ‘पाऊस पडला.’ ‘पाऊस पडला असेल.’ ‘पाऊस पडला असावा.’ ‘पाऊस पडला म्हणे.’ पहिलं मला ठाऊक आहे, दुसरा नुसता अंदाज, तिसऱ्यात काहीतरी खूण पाहून काढलेला निष्कर्ष आणि चौथी ऐकीव बातमी. एवढासा ‘म्हणे’ लावला की ऐकणाऱ्याला कळतं, खात्री माझी नाही. मुलं हे व्याकरणाच्या पुस्तकातून शिकत नाहीत, आपल्या तोंडून ऐकून शिकतात. आपणच सगळं ‘आहे’, ‘आहे’ असं ठोकून सांगत राहिलो तर ती तेच उचलतात.

माझा नातू कॅलिफोर्नियात असतो. गेल्या उन्हाळ्यात सकाळी त्याला शाळेत सोडायला निघाले, तर फुटपाथ ओला. मी म्हटलं, “रात्री पाऊस पडला.” तो थांबला. समोरच्या गाडीच्या टपावरून त्याने बोट फिरवलं, धूळ तशीच होती. मग रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, तिकडे कोरडं. “आजी, स्प्रिंकलर असावेत.” ‘असेल’ नाही, ‘असावेत’! मी मुद्दाम विचारलं, “कशावरून?” त्याने धुळीने माखलेलं बोट माझ्यापुढे धरलं. शाळेला पाच मिनिटं उशीर झाला. असा उशीर झालेला मला चालतो.

धाकटं भावंड चार-पाच वर्षांचं असेल तर त्याच्याकडून एवढी अपेक्षा नको. दोन सारख्या वाट्यांत सारखंच ताक घ्या. त्याच्यासमोर एका वाटीतलं ताक उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, जास्त कुठे? बहुतेक पेल्याकडे बोट दाखवेल. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी असे प्रयोग करून दाखवून दिलं, की साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं उंचीवर फसतात. तो मठ्ठपणा नव्हे, वय आहे. “चूक!” म्हणू नका. ‘कशावरून?’ विचारा, त्याचं उत्तर ऐका, ताक परत वाटीत ओतून दाखवा आणि गप्प बसा. गप्प बसणंच आपल्याला सगळ्यात जड जातं.

झोपताना चिऊ-काऊची गोष्ट सांगत असाल तर मधेच थांबा. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, चिऊचं मेणाचं राहिलं. बरं, मग उन्हाळा आल्यावर? हा प्रश्न मी लहानपणी कधी विचारला नाही. नातवाने विचारला, आणि चिऊने दार इतका वेळ का उघडलं नाही, हेही. तिच्या बाळाची आंघोळ, तीट, काजळ होईपर्यंत काऊ बाहेर भिजतोय, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या चिऊला शहाणी म्हणत आलो.

थोडी सावधगिरी: गाडीतला बेल्ट, गरम तवा, रस्ता ओलांडणं यांवर चर्चा नाही. तिथे आधी ऐकायचं, कारण नंतर. पण कारण नंतर खरंच सांगायचं. आणि आपला नेहमीचा दुटप्पीपणा सोडायचा. पोर दुसऱ्यांबद्दल विचारतं तोवर चौकस असतं, आपल्याबद्दल विचारलं की आगाऊ.

मोठ्यांचीही परीक्षा होते, तयारी ठेवा. दिवाळीत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो फोटो दर वर्षी येतो: नासाने अवकाशातून टिपलेला दिवाळीचा भारत, रंगीबेरंगी उजळलेला. मी नातवाला कौतुकाने दाखवला. तो म्हणाला, “आपले दिवे पिवळे असतात. हे हिरवे-निळे कुठले?” मग लेकीने शोधलं. ते उपग्रहांच्या माहितीवरून 2003 मध्ये तयार केलेलं चित्र आहे. वस्ती वाढली तसे रात्रीचे दिवे कसे वाढत गेले ते त्यात दाखवलंय. पांढरे दिवे 1992 च्या आधीचे, निळे 1992 चे, हिरवे 1998 चे, लाल 2003 चे. नासाने 2012 मध्येच खुलासा केला होता, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो, की तो अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही.

मी म्हटलं, “अरे, पण मी तर हा सगळ्यांना पाठवला.”

“मग खाली ‘म्हणे’ लिहायचं ना, आजी.”