काइटसर्फिंगला स्पेनच्या तारिफात आहे. लेव्हांते (तिथला पूर्वेकडून येणारा वारा) सरासरी २० नॉट, झोत ३० पर्यंत. वजन ७५ किलो. ९ चौरस मीटरची काइट चालेल का?

नाही, ७ ची घ्या. अशा वाऱ्यात काइटचं माप सरासरीवर नाही, झोतांवर ठरवायचं. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० चे ३० नॉट झाले की ती सव्वादोन पट होते, आणि मग बार (काइट चालवायचा हातातला दांडा) पूर्ण बाहेर सोडूनही ९ ची काइट आवरणं कठीण. झोत आला की बार बाहेर, म्हणजे अंगापासून दूर, सोडा. नवखे नेमके उलट करतात, घाबरून बारला लटकतात, त्याने ओढ आणखी वाढते. खरा घात मात्र झोत ओसरताना होतो: काइट पुढे निघून जाते, दोऱ्या ढिल्या पडतात आणि ती घडी होऊन कोसळते. म्हणून ती माथ्यावर न ठेवता ४५ अंशांच्या आसपास ठेवा, दोऱ्या सैल वाटताच बार किंचित आत घ्या. काइट मागे मागे सरकत खाली बसत असेल तर तो बॅक स्टॉल. तिथे बार बाहेर, आणि ट्रिमने (दोऱ्यांची लांबी बदलायच्या पट्ट्याने) पुढच्या दोऱ्या थोड्या आखूड. हवा काइटवर छापलेल्या दाबापर्यंत भरा, मऊ लीडिंग एज (काइटची हवा भरलेली पुढची कड) झोतात मधोमध दुमडते. क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात तोडणारी कळ) पाण्यात जाण्याआधी एकदा उघडून बघा, वाळूने अडकतं. तारिफाच्या लॉस लान्सेस किनाऱ्यावर लेव्हांते जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. बचाव बोट नसेल तर ७ ची घेऊनही तिथे उतरू नका.