ईकोला एलपीजी किट बसवण्याआधी मंजुरीच्या कागदावरची तारीख वाचा

ताई, तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की भांडुपला तुमचं पोळीभाजी केंद्र आहे, 2014 ची पेट्रोल मारुती ईको व्हॅन डबे पोचवते, पेट्रोलचा खर्च झेपेनासा झालाय आणि म्हणून गाडी गॅसवर चालवायला एलपीजी किट बसवायचंय. गॅरेजवाला म्हणतोय, "गाडी सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा, आरसीचं आमचा माणूस नंतर बघेल." आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि या शेवटच्या वाक्याशी मी थांबलो. 2012 साली मलाही हेच ऐकवलं होतं, आणि मी मान डोलावली होती. म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी मेकॅनिक नाही, एजंट नाही, कुठल्या किटशी माझा धंद्याचा संबंध नाही. लालबागहून मसाला दादर, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीच्या दुकानांना पोचवायचा, त्यासाठी मारुती ओम्नी व्हॅन होती. नियमांत बदल होत असतात, तेव्हा मी सांगतो ते आरटीओत एकदा पडताळून घ्या. किती पैसे वाचतील याचा हिशेब तुम्ही केला असणार, त्यात शिरत नाही. फक्त एलपीजीवर लिटरमागे ॲव्हरेज साधारण 15 ते 20 टक्के कमी पडतं, ते हिशेबात धरलंय ना बघा.

आता माझी चूक. किट चांगलं होतं, टाकी चांगली होती, बसवणाऱ्या मुलाचा हातही चांगला होता. गॅरेजवाल्याने एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागदांची झेरॉक्स दिली. वर किटच्या कंपनीचं नाव, खाली शिक्का. मी शिक्का बघितला आणि फोल्डर डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. आतला कागद म्हणजे किटचं टाइप अप्रूव्हल, किटच्या त्या मॉडेलला मिळालेली सरकारमान्य मंजुरी. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ते देतात. ही मंजुरी तीन वर्षांसाठी असते, मग तिचं नूतनीकरण करावं लागतं. शिवाय ती ठरावीक सीसीच्या इंजिनांना आणि ठरावीक बीएस मानकालाच (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाची मर्यादा) लागू असते. माझ्या किटच्या मंजुरीची मुदत किट बसवायच्या सात आठवडे आधीच संपली होती. तारीख कागदावर छापलेली होती. मी वाचली नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल केल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. "आमचा माणूस" काही आला नाही, म्हणून मी स्वतः गेलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, टाकीचा दाखला मूळ प्रत हवी. दुसऱ्या खेपेला, साहेब पासिंगला गेलेत. तिसऱ्या खेपेला खिडकी बदलली होती आणि नव्या खिडकीवरच्या माणसाने सगळा गठ्ठा पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवला. चौथ्यांदा गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी. पाचव्या खेपेला एका अधिकाऱ्याने कागद हातात घेतला, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अहो, हे तर संपलंय." दोन मिनिटं लागली त्याला. हेच पहिल्या दिवशी पहिल्या माणसाने वाचून दाखवलं असतं तर? मी दर वेळी अर्ध्या दिवसाचा धंदा बुडवून रांगेत उभा राहत होतो. समोरचा कागद वाचणं हे त्या खिडकीचं काम आहे, आणि चार वेळा ते कोणी केलं नाही. आजही ते आठवलं की राग येतो.

या सगळ्यात अडीच महिने गेले. मधल्या काळात मी गाडी गॅसवरच चालवत होतो, कारण मे महिना, मसाल्याचा सीझन. विक्रोळीजवळ हायवेवर मागून एका टेम्पोने ठोकलं. मागचा दरवाजा आत गेला, टाकीची चौकट वाकली. टाकीला काही झालं नाही, व्हॉल्व्हने काम केलं, वास आला नाही, कोणाला लागलं नाही. पण इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने मागे टाकी बघितली आणि आरसी मागितली. आरसीवर फक्त पेट्रोल. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, 41 हजारांचं काम माझ्या खिशातून झालं. किट बसवलंय हे मी विमा एजंटला फोनवर सांगितलं होतं. फोनवर सांगितलेलं कुठे धरलं जातं?

नंतर किट उतरवून, टाकी तपासून, दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मुदतीतली मंजुरी असलेलं किट पुन्हा बसवलं. मजुरी दोनदा दिली. नोंद मात्र या वेळी दुसऱ्याच खेपेला झाली.

तेव्हा गाडी रॅम्पवर चढायच्या आधी तो कागद मागा आणि गॅरेजवाल्यासमोर वाचा. मुदत कधी संपते बघा. तुमच्या ईकोचं इंजिन 1196 सीसीचं असणार, ते त्या मर्यादेत बसतं का बघा. आणि मुंबईत 2010 पासून बीएस-4 लागू होतं, म्हणून तुमच्या गाडीला बीएस-4 ची मंजुरी लागेल, बीएस-3 ची चालणार नाही. किट आणि टाकीवरचे नंबर दाखल्यावरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं संमतीपत्र आधी घ्या. आणि पैसे पूर्ण देऊ नका. निदान एक चतुर्थांश रक्कम आरसीवर नोंद झाल्यावर द्यायची, असं बिलावरच लिहून घ्या. गॅरेजवाला कुरकुरेल. माझं मत विचाराल तर, जो याला साफ नाही म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

विम्याचं त्याच आठवड्यात करा, आणि लेखी. प्रीमियममध्ये किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीचे 60 रुपये वाढतात. 25 हजारांचं किट असेल तर 1,060 रुपये आणि वर जीएसटी. एवढ्यासाठी मी 41 हजार घालवले.

तुमच्या पोस्टखाली कोणीतरी सुचवलंय की घरगुती लाल सिलिंडर मागे ठेवून पाइप जोडला की झालं. कृपा करून तिकडे बघूही नका. तो गुन्हा आहे आणि गाडीत तुमची माणसं बसतात. गाडीच्या टाकीत 80 टक्के भरल्यावर गॅस आपोआप थांबतो, उरलेली जागा उन्हात गॅस प्रसरण पावला तर लागते. टाकीतून द्रव गॅस बाहेर येतो आणि इंजिनच्या गरम पाण्यावर तापणाऱ्या रेड्युसरमध्ये त्याची वाफ होते. पाइप तुटला तर वाहणं अडवणारा व्हॉल्व्ह आत असतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात यातलं काही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. म्हणूनच काही ठिकाणी अशा गाड्या तळघराच्या पार्किंगमध्ये घेत नाहीत. तुमच्या सोसायटीत आधी विचारून ठेवा.

सीएनजी की एलपीजी, यावर लोक भांडतात. मुंबईत सीएनजीचे पंप कितीतरी जास्त आहेत आणि टॅक्सी-रिक्षांमुळे मेकॅनिकलाही त्याचीच सवय आहे. पण सीएनजी 200 बारच्या दाबाने भरतात, त्यामुळे सिलिंडर जड, आणि डब्यांचे क्रेट ठेवायची जागा जाते. एलपीजीचा दाब त्याच्या आसपासही नाही, टाकी हलकी असते, स्टेपनीच्या जागी बसणारी गोल टाकीही मिळते. माल वाहणाऱ्या गाडीला मला एलपीजीच बरा वाटतो, पण तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालू असलेला ऑटो एलपीजी पंप असेल तरच. किट घ्यायच्या आधी सलग चार दिवस त्या पंपावर जाऊन गॅस आहे का बघा. पंपासाठी रोज उलटं ऐरोलीपर्यंत जावं लागणार असेल तर सीएनजी घ्या.

बाकी दोन-तीन सवयी. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करा, इंजिन तापल्यावर गॅसवर टाका. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, गाडीतला इंधन पंप जळतो. कूलंटची पातळी दर आठवड्याला बघा, ती घटली की रेड्युसर गारठतो आणि गाडी चढावर दम टाकते. टाकीची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते, तिची तारीख पुठ्ठ्यावर लिहून ड्रायव्हरच्या दारात चिकटवा.

गॅरेजवाल्याने तो मंजुरीचा कागद दिला की गाडीचा नंबर आणि तुमचं नाव झाकून फोटो इथे टाका. तारीख आणि सीसी कुठल्या ओळीत असतात ते मी दाखवतो. तोवर गाडी सोडू नका.