माळकरी घरातून आलेल्या लेखकाला श्रद्धा सोडावीच लागते का?

तुम्ही विचारलंय की माळकरी घरात वाढलो, दोन-चार कथा छापून आल्यात, आता विश्वास उरलेला नाही. तर लेखक व्हायला श्रद्धा सोडावीच लागते का, आणि घरी कसं सांगू?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं शेवटी देतो, जमलं तर.

वाचन वाढलं की देव आपोआप सुटतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या घरी वाचायला काय होतं कोण जाणे. आमच्याकडे मला चौथीत ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसवलं. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवसांत. शेवटच्या दिवशी अठरावा अध्याय, त्यात एकट्यात अठराशेवर ओव्या. मांडीला मुंग्या येऊन पाय कुणाचा हेही कळेनासं व्हायचं. अर्थ काडीचा कळत नव्हता. पण ओवीची चाल अंगात मुरली. तीन चरण यमक धरून धावतात, चौथा आखूड, यमक टाकून देऊन थांबतो. माझ्या परिच्छेदांची शेवटची वाक्यं तुटक असतात, त्याला एका समीक्षकाने 'आधुनिक संवेदना' म्हटलं होतं. शके १२१२ ची आहे म्हणावं ती.

तेव्हा जे काही लिहिता येतं ते त्याच घरातून आलंय. आणि घर सोडलं तेही त्याच घरामुळे. कसं ते सांगतो, कारण याबद्दल आमच्या घरात गेली तीस वर्षं एक खोटी गोष्ट फिरतेय.

आमचं गाव नेवाशापासून फार लांब नाही. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह. मी सातवीत होतो. ज्यांनी सप्ताह पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात हवी, ती भुईला टेकता कामा नये. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिलेली. चौथ्या रात्री दोन ते चारचा पहारा ज्यांचा होता ते आलेच नाहीत. शेतीची लाईट रात्रीच यायची, ते मोटार चालू करायला गेले होते. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, सप्ताहाचे कर्तेधर्ते. त्यांनी मला झोपेतून उठवलं, वीणा गळ्यात घातली आणि म्हणाले, "उभा राहा. मी काकड्याला येतो."

तासभर नीट उभा होतो. मग खांबाला पाठ लावली. (माऊली खांबाला टेकली त्याचा पैस खांब झाला, लोक त्याला मिठी मारतात. मी टेकलो त्याचं काय झालं ते पुढे आहे.) जाग आली ती तारेच्या आवाजाने. मी फरशीवर बसलेलो, पाय पसरलेले, आणि वीणेचा भोपळा दगडावर. समोर पायरीवर एक कुत्रं मान वर करून बघत होतं. भोपळ्याच्या खालच्या अंगाला रंगाचा पोपडा निघाला होता, चिंचोक्याएवढा. आत पांढुरकं लाकूड दिसत होतं. मी ताटलीतला बुक्का बोटावर घेतला आणि त्या जागी चोळला. पुन्हा चोळला. काळ्या भोपळ्यावर काळा बुक्का, कुणाला दिसलं नसतं.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. वीज पडेल, निदान ताप तरी येईल. काही झालं नाही. लोकांना वाटतं तिथेच माझी श्रद्धा गेली. छे. तेरा वर्षांचं पोर देवाला सवलत देतं, 'माफ केलं असेल' म्हणतं.

सकाळी नाना आडावर अंघोळ करून टिळा लावत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. गोपीचंदनाचं बोट कपाळावर अर्ध्यात थांबलं. मग त्यांनी टिळा पुरा केला, आरशात बघितला, आणि विचारलं, "कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग नाही टेकली."

एवढंच. काल्याच्या कीर्तनाला नानाच उभे होते. गच्च मांडवासमोर म्हणाले, सात दिवस, एकशे अडुसष्ट तास, वीणा भुईला लागली नाही, ही या गावाची पुण्याई. पुंडलिक वरदे झालं. मी टाळकऱ्यांत दुसऱ्या रांगेत होतो. त्यांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली, ती माझ्यावरून पाणी सरकावं तशी सरकली.

देव होता की नव्हता हा प्रश्न मला पुढे दहा वर्षं पडला नाही. पण या घरात काय बोलायचं नाही, त्याची यादी त्या दिवसापासून मनात सुरू झाली. नाना चोखोबांवर कीर्तन करत तेव्हा बाया पदराने डोळे पुसत. देवळाबाहेर, पायरीशी चोखोबांची समाधी, हे ते इतकं सुंदर सांगत की माझ्याही अंगावर काटा यायचा. पण त्याच चोखोबांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. मला ते शाळेतल्या एका सरांकडून कळलं. घरी विचारलं तर उत्तर आलं, "कीर्तनात राजकारण आणायचं नसतं."

गाथेचंही तसंच. आमच्याकडे सरकारने १९५० साली काढलेली गाथा होती, साडेचार हजारांवर अभंग. त्यात तुकोबा चक्क म्हणतात की माझ्या लेखी देव मेला. हा अभंग मला अकरावीत सापडला तेव्हा मी धावत नानांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की ते लाडाचं भांडण आहे, पोर आईला 'तू मेलीस मला' म्हणतं तसं. आता इतक्या वर्षांनी वाचताना मला नानांचा अर्थ बराचसा बरोबर वाटतो. पण तेव्हा डोक्यात एवढंच गेलं की तुकोबांना म्हणता येतं ते मला म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष सुटणं फारच फुसकं झालं. पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या न्हाणीघरात माळ तुटली. तुळशीचे मणी मोरीत गेले. आमच्या घरचा नेम असा की माळ तुटली तर नवी गळ्यात पडेपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही. मी अंग पुसलं, मेसवर गेलो आणि जेवलो. दिवाळीला घरी गेलो तर आईने माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, "तुटली का काढली?" म्हटलं, तुटली. तिने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आरशाच्या खिळ्याला नवी माळ लटकत होती. ती तिथेच राहिली. भिंतीला दोनदा रंग दिला, प्रत्येक वेळी आईने ती काढून परत लावली.

पुढे एका दिवाळी अंकात माझी वीणेवरची कथा आली. 'मग नाही टेकली' हे वाक्य जसंच्या तसं घातलं होतं. नाना भावकीत सांगत सुटले की पोरगं पुण्याच्या पाण्याने बिघडलं, लेखक लोक असंच रचून लिहितात. आमचे दादा, त्यांचे चिरंजीव, आजही लग्नकार्यात चार लोकांसमोर हेच म्हणतात. तर दादा, वाचत असाल तर देवळात जा, वीणा खुंटीवरून काढा आणि भोपळा उलटा करून बघा. बुक्का केव्हाच उडालाय. मी गेल्या वर्षी बघून आलो.

हे सगळं एकतर्फी आहे हे मला कळतं. नानांनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर गावाने सप्ताह मोडला म्हणून बोंब मारली असती आणि जन्मभर ते माझ्या नावावर राहिलं असतं. कदाचित त्यांनी मला पाठीशी घातलं. हे मला चाळिशीत सुचलं. त्याने राग थोडा कमी झाला, गेला नाही. कारण पाठीशी घालायला 'कुणाला सांगू नको' एवढं पुरलं असतं. शिवाय आमचं घर त्यातल्या त्यात सौम्य. मारहाण नाही, बहिष्कार नाही. तुमच्याकडे तसलं काही असेल तर माझ्या गोष्टी बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या पायावर उभे राहा. आणि माझ्या ताईला तर आमच्या गावात वीणा कधी हातात मिळालीच नाही, बायकांना देत नाहीत. ती अजून माळ घालते. तेव्हा कोण कशामुळे सोडतं आणि कोण कशामुळे धरून ठेवतं, याचा नियम मला विचारू नका.

घरी कसं सांगू म्हणता. मी तर कधी सांगितलंच नाही, कथेत लिहिलं आणि ते त्यांनी रचलेलं ठरवलं. माझ्यासारखं करू नका. आईला आधी सांगा, बहुतेक तिला ठाऊक असतं. चुलत्यांना पत्र लिहू नका, ते पंगतीत वाचून दाखवतात. आणि काहीही झालं तरी सप्ताहाच्या आठवड्यात विषय काढू नका, घरात जेवायला पन्नास माणसं असतात आणि कुणालाही धड भांडायला वेळ नसतो.