टोरंटोला येऊन प्रोड्यूसर व्हायचंय? आधी पीआरचं, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचं बघ

वेंगुर्ल्यात लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च-व्यवस्था बघणारा, म्हणून जम बसलाय, आता टोरंटोत फिल्म प्रॉडक्शनचा कोर्स करून स्वतःचे सिनेमे काढावेत का, असं विचारलंयस. ये, पण कोर्सच्या भरवशावर नको.

इथे इंडिपेंडंट सिनेमाला कुणी एक शेठ पैसे लावत नाही. थोडे टेलिफिल्म कॅनडा या सरकारी संस्थेचे, थोडे वितरकाचे आगाऊ, बाकी टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चातला सरकार करातून परत देतं तो वाटा, अशी गोधडी शिवावी लागते. कॅनडाच्या केंद्र सरकारचं क्रेडिट पात्र मजुरीच्या २५ टक्के, आणि मजुरी धरतात ती अनुदानं वजा जाता खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे अशा खर्चाच्या १०० डॉलरमागे फार तर १५. ऑन्टारियोचं, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे त्याचं वेगळं, तिथल्या मजुरीवर ३५ टक्के. पण हे सगळं कंपनीचं रिटर्न भरल्यावर. युनिटचे पगार तोवर थांबतात होय? ते येणं तारण ठेवून कर्ज काढायचं आणि व्याज बजेटात आधीच धरायचं.

खरी मेख पुढे आहे. या क्रेडिटसाठी प्रोड्यूसर कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असावा लागतो. तोवर दुसऱ्याच्या प्रॉडक्शन ऑफिसात काम कर, आणि माझं ऐकशील तर अकाउंट्समध्येच शीर. सेटवरची धावपळ तुला येतेच.

हक्कांचे कागदही आतापासून जप. दशावतारी मंडळींनी एखादं पद ‘घेवा, आपलाच आसा’ म्हणून तोंडी दिलं, तर आपल्याकडे भागतं. इथे हक्कांच्या दाव्यांचा विमा देणारी कंपनी लेखी करार मागते, नाहीतर सीन काप म्हणते. आणि विम्याशिवाय वितरक सिनेमा हातात घेत नाही.

भारत-कॅनडा सहनिर्मिती करार २०१४ साली झालाय. त्यात बसलेला सिनेमा दोन्हीकडे देशी धरला जातो. मग तू तिकडचा प्रोड्यूसर, इकडचा कुणी पीआरवाला, असं का नाही जमवत? मेरिटाइम बोर्डाकडून जेटी, पुरातत्त्व खात्याकडून सिंधुदुर्ग किल्ला, भरतीच्या वेळा सांभाळणारे होडीवाले, हे सगळं तुझ्या हातात आहे. परक्या प्रोड्यूसरला नेमकं तेच मिळत नाही. एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बझार (आता वेव्हज फिल्म बझार) नोव्हेंबरात गोव्यात भरतो, तुला दारातच. तिथल्या को-प्रॉडक्शन मार्केटसाठी, म्हणजे सहनिर्मितीचे भागीदार शोधायच्या बाजारासाठी प्रोजेक्ट पाठव, निवड झाली तर कॅनडावाले तिथेच गाठ.

कोर्सच्या फीसाठी आंब्याची बाग मात्र गहाण टाकू नकोस. बजेट तयार झालं की पाठव, मजुरीचा रकाना बघून सांगते.